शिंगांचं गाढव

उझबेकिस्तानातला एक कठपुतळीवाला आठवडाभर आमच्या अमरावतीच्या घरी राहून गेला, ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आणि बहुतेकांनी ती अर्धीच खरी मानली. म्हणून एकदा नीट, पहिल्यापासून सांगते.

मी इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. गावात आमचं एक लहानसं कलामंडळ आहे. एके वर्षी मंडळाने ठरवलं की, जुन्या व्यापारी वाटांवरून कला या देशातून त्या देशात कशा गेल्या, यावर काहीतरी करायचं. बुऱ्हाणपूरकडून दख्खनेत उतरणारी जुनी वाट बाळापुरावरून जाते. त्या वाटेने रेशीम आलं, सुकामेवा आला, सतरंज्यांवरची नक्षी आली, तर बाहुल्याही आल्याच असतील, असा आमच्या अध्यक्षांचा तर्क. त्यांनी कुठेकुठे फोन आणि ईमेल करून ताश्कंदच्या पुढच्या एका गावातला बाहुलीवाला खरोखरच मिळवला. खेळ बाळापूरला, किल्ल्याजवळच्या मैदानात करायचा. पण ऐन लग्नसराईत पाहुण्याला उतरवायला अमरावतीत खोली मिळेना. बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. मी तेवढं चुकून वर बघितलं. पाहुणे आमच्या घरी आले.

साठीचे गृहस्थ. पोट पुढे, वरच्या जबड्यात सोन्याचे दात, डोक्यावर पांढऱ्या भरतकामाची काळी चौकोनी टोपी. दिल्लीहून त्यांच्यासोबत एक दुभाषी निघाला होता. तो बडनेरा स्टेशनवर पोट धरून उतरला आणि पोट धरूनच परतीच्या गाडीत बसला. मग अध्यक्षांनी बाळापूरहून एका चाचांना बोलावून घेतलं. चाचांचा सतरंज्यांचा व्यापार. लहानपणी मदरशात फारसी शिकलेले, उर्दू उत्तम, वऱ्हाडी त्याहून उत्तम. पाहुण्यांची भाषा फारसी नव्हे, उझबेक, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजलं. तोवर चाचा न डगमगता भाषांतर करत होते.

पण गंमत अशी की खूप शब्द खरंच सारखे निघाले. दोस्त, मेहमान, बाजार, दुकान, अनार, आसमान. असा एखादा शब्द जुळला की पाहुणे आणि चाचा एकमेकांच्या हातावर टाळी द्यायचे. मग न जुळणारे शब्दही जुळलेत असं वाटू लागलं, आणि घोटाळे तिथूनच सुरू झाले.

पहिल्या जेवणाला मी भरली वांगी केली होती. वाढताना विचारलं, "सब्जी?" पाहुण्यांचा चेहरा उजळला, त्यांनी ताट पुढे केलं. मी वांगं वाढलं. त्यांनी वांगं उलटून बघितलं, रसा चमच्याने बाजूला केला, आणि पुन्हा आशेने म्हणाले, "सब्जी?" मी दुसरं वाढलं. असं करत चार जणांची वांगी त्यांच्या ताटात गेली. त्यांच्याकडे सब्जी म्हणजे फक्त गाजर, हे आम्हाला पुढे त्यांनी चित्र काढून दाखवलं तेव्हा समजलं. तोवर ते बिचारे प्रत्येक वांग्याच्या पोटात गाजर शोधत होते.

दुसरा शब्द त्याहून कठीण होता. आमचे हे गुरांचे डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले, बोलणं अस्सल वऱ्हाडी. ते चाचांना म्हणाले, "त्यायले इचारा, एवढ्या दूर कावून आले म्हना." त्यातलं 'कावून' ऐकताच पाहुणे हसले आणि दोन्ही हातांनी हवेत भला मोठा गोल काढला. आमच्या वऱ्हाडीत कावून म्हणजे 'का', त्यांच्याकडे खरबूज. आणि खरबूज हा त्यांच्या देशाचा जीव की प्राण. वऱ्हाडात माणूस दिवसातून किती वेळा 'कावून' म्हणतो याचा मी तोवर कधी विचार केला नव्हता. रिक्षावाला म्हणाला, कावून थांबले? दूधवाला म्हणाला, आज कावून जास्त दूध? पाहुण्यांना वाटलं, या गावात लोक सतत खरबुजाबद्दलच बोलतात. संध्याकाळी त्यांनी छातीवर हात ठेवून चाचांना काहीतरी सांगितलं. चाचांनी आम्हाला सांगितलं, "म्हनतात, ऐसा शहर देखा नाही. पर खरबूजा अभी तक किसीने दिया नाही." ह्यांनी तसंच बाजारात जाऊन खरबूज आणलं.

त्यांच्या लाकडी पेटीत दोनच बाहुल्या होत्या. एक लांब दाढीचा व्यापारी, आणि दुसरं गाढव. गाढव अप्रतिम होतं. अंगाला करड्या रंगाचं, दाबलेल्या लोकरीचं फेल्ट, कान मऊ चामड्याचे, आणि दोरा ओढला की ते अशी मान वळवायचं की आपल्याच मूर्खपणाची आपल्याला लाज वाटावी. आमच्या हॉलमध्ये त्यांनी शेजाऱ्यांना अर्धा खेळ करून दाखवला. व्यापारी गाढव विकायला बाजारात नेतो. गाढवाला विकलं जायचं नसतं. येईल त्या गिऱ्हाइकाला ते लाथ मारतं. शेवटी व्यापारी थकून झोपतो, आणि गाढव त्यालाच विकून टाकतं. भाषा एक अक्षर कळली नाही, पण शेजारच्या काकू हसून हसून सोफ्यावरून खाली आल्या.

मधल्या एका मोकळ्या दिवशी आम्ही पाहुण्यांना चिखलदऱ्याला नेलं. सोबत पेटी होतीच. दरीच्या कठड्याशी उभं राहून गाढवाचा एक फोटो काढायचा त्यांचा हट्ट. घरच्या नातवंडांना पाठवायचा होता. त्यांनी गाढवाला कठड्यावर ठेवलं, टोपी नीट केली, मला इशारा केला. मी मोबाईल डोळ्यासमोर धरला. पडद्यावर पाहुणे होते, गाढव होतं, आणि मग एक वानर होतं. पुढच्या क्षणी पडद्यावर फक्त पाहुणे उरले.

वानर गाढवाला बगलेत मारून झाडावर चढलं. त्याने त्याचा एक कान चावून पाहिला, आवडला नाही, आणि दरीतल्या झाडांमधून ते खाली खाली दिसेनासं झालं. पाहुणे कठड्यावर ओणवे होऊन ओरडू लागले, "एशाक, एशाक."

एशाक म्हणजे त्यांच्या भाषेत गाढव. पण आजूबाजूच्या पर्यटकांना ते ऐकू आलं 'इश्क'. साठीचा माणूस, डोळ्यांत पाणी, दरीत वाकलेला, आणि तोंडात इश्क. दोघा तरुणांनी धावत येऊन त्यांना कमरेला धरून मागे ओढलं. भाजलेली कणसं विकणारी बाई शेगडी सोडून आली. म्हणाली, "बावाजी, गेली तं जाऊ द्या. तिच्यापायी कावून जीव देता?"

'कावून' ऐकून पाहुणे आणखीच रडले. बहुधा त्यांना घर आठवलं.

चाचांनी सगळ्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला की यांचं गाढव वानराने नेलं. त्यावर एक जण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "यांना एकटं सोडू नका." कणीसवाल्या बाईने एक कणीस त्यांच्या हातात दिलं आणि ते खाऊन होईपर्यंत हलली नाही. तिथल्याच मळ्यातली कॉफीही कोणीतरी आणून पाजली. खाली उतरताना गाडीत पाहुणे माझ्या मोबाईलमधला तो एकच फोटो बघत बसले. त्यात गाढव अर्धं होतं आणि वानराची शेपटी पूर्ण.

खेळ दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी होता. अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "गाढव नसेल तर व्यापाऱ्यावर निभवा." पाहुण्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, गाढवाशिवाय व्यापारी म्हणजे नुसता एक दाढीवाला माणूस, तो तर मी पण आहे. दाढी त्यांना नव्हती, पण मुद्दा बरोबर होता.

सकाळी चहा घेताना त्यांची नजर आमच्या फ्रिजवर गेली. तिथे आमच्या मुलाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी होता. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. मुलगा आता पुण्याला नोकरीला आहे, पण नंदी मात्र इथेच राहिला. चांगला हातभर उंच, पांढरा, निळ्या शिंगांचा. पाहुण्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि भीतभीत विचारलं, "एशाक?"

आम्ही मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो ऑफिसला निघाला होता.

"माझा नंदी? गाढव म्हणून?"

"एकाच दिवसापुरता रे," मी म्हटलं.

त्याने स्क्रीनवर पाहुण्यांचा सुजलेला चेहरा बघितला आणि तो जरा विरघळला. म्हणाला, "बरं. पण शिंगं कापायची नाहीत."

ह्यांनी नंदीला डायनिंग टेबलावर आडवं घेतलं. चाळीस वर्षांची सवय, आधी त्याच्या पोटावर हात ठेवून बघितलं. मग पान्ह्याने चाकं सोडवली, मागचे दोन्ही पाय करवतीने कापले आणि जुन्या कपाटाच्या बिजागऱ्या लावून परत बसवले, म्हणजे लाथ मारता येईल. मी म्हटलं, "अहो, पोराला काय सांगायचं?"

"त्यानं शिंगायचं सांगतलं. पायायचं कुठी बोलला तो?"

कान मी केले, ह्यांच्या तपकिरी लोकरीच्या मोज्यांचे. ते शिंगांवरून ओढून बसवायचे होते, म्हणजे शिंगं झाकली जातील. पण थोडी हालचाल झाली की शिंगाचं टोक मोज्यातून बाहेर डोकवायचं. वशिंडाचं तर काहीच करता येईना. पाहुण्यांनी त्यावर गोधडीचा तुकडा टाकला आणि खोगीर आहे असं ठरवलं. दोरे बांधून त्यांनी एकदा त्याला चालवून बघितलं. नंदी जड होता, त्यामुळे तो गाढवासारखा लुटूलुटू चालेना, पाटलासारखा चालला. पाहुणे त्याच्या मागेमागे वाकून टेबलाभोवती फिरले, घाम पुसला, आणि म्हणाले, "यख्शी." म्हणजे छान. त्यांना फारसं खरं वाटत नव्हतं, पण ते तसं म्हणाले.

दुपारी अकोल्यावरून बाळापूर गाठलं. मैदानात चाचांनी आपल्याकडच्या सतरंज्या अंथरल्या होत्या. भाजीवाले, फुलवाले, शेतावरून परस्पर आलेली माणसं, बुरख्यातल्या बायका, नऊवारीतल्या बायका, सगळे दाटीवाटीने बसले. चाचा माईक घेऊन पडद्याच्या बाजूला उभे राहिले. त्यांनी सुरुवात केली, "ये सौदागर है. हा दूर देशीचा व्यापारी. आनि हे त्याचं गाढव."

नंदी पडद्यातून बाहेर आला. मग मागून एक शेतकरी अगदी सरळपणे म्हणाला, "चाचा, हा तं बैल हाय."

"गाढव हाय," चाचा म्हणाले.

"वशिंड हाय त्याले."

"उधरके गाढव को रहता."

एवढ्यात डाव्या मोज्यातून शिंग बाहेर आलं. सगळ्यांनी ते बघितलं. पाहुण्यांनी पडद्यामागून दोरा ओढून मान तिरकी केली, तर उजवंही बाहेर आलं. चाचा माईकमध्ये म्हणाले, "हे गाढव जरा नाराज हाय. नाराज झालं का त्याले शिंगं येतात."

लोकांनी ते मान्य केलं. मला याचं अजून नवल वाटतं.

पण खरी पंचाईत पुढे होती. गाढव चालत नाही म्हणून व्यापारी छडी उगारतो, असा खेळ होता. छडी उगारली तशी पुढे बसलेली एक म्हातारी उठली. कमरेवर हात ठेवून ती पडद्याशी आली आणि म्हणाली, "बैलाले मारायचं काम नाई." पाहुण्यांना वाटलं, ही खेळात भाग घेते आहे. त्यांच्याकडे तशी पद्धत असते म्हणे. त्यांनी व्यापाऱ्याकडून तिला वाकून सलाम करवला. ती जरा निवळली. बटव्यातून कुंकवाची डबी काढून तिने नंदीच्या कपाळाला बोट लावलं, मोज्याचे कान नीट केले, आणि जागेवर जाऊन बसली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. तिसरीने पाया पडून घेतलं. व्यापारी प्रत्येकीला सलाम करत राहिला.

मग गिऱ्हाइकांचा प्रवेश आला. तिथे पाहुणे स्वतःच आवाज बदलून गिऱ्हाईक व्हायचे. पण त्यांच्याआधी तो वशिंडवाला शेतकरीच पुढे आला. त्याने नंदीचं तोंड दोन बोटांनी चाचपलं, दात दिसत नाहीत म्हणून मान हलवली, मागे जाऊन खूर बघितले. तेवढ्यात पाहुण्यांनी दोरा ओढला आणि बिजागरीने आपलं काम चोख केलं. लाथ शेतकऱ्याच्या गुडघ्यावर बसली. मैदान हसून कोसळलं. शेतकरी गुडघा चोळत म्हणाला, "ताकद हाय. घेतो."

त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि हातावर टाकून पडद्यासमोर धरला. गुरांच्या बाजारात जुने लोक असाच सौदा करतात, दुपट्ट्याखाली बोटं दाबून, म्हणजे भाव तिसऱ्याला कळू नये. पाहुण्यांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या बाजारात विकणारा आणि घेणारा हातात हात घेऊन जोरजोरात हलवत राहतात, आणि सौदा पटेपर्यंत सोडत नाहीत. त्यांनी पडद्याबाहेर येऊन दुपट्ट्याखाली आपला हात घातला आणि जोरात हलवायला सुरुवात केली. शेतकरी बोटं दाबत होता, पाहुणे हात हलवत होते. दुपट्टा वाऱ्यात अडकल्यासारखा फडफडत होता. दोघांच्या चेहऱ्यावर तोच कसलेला, अविश्वासाचा भाव. चाचा भाषांतर करायचं विसरले. मी चित्रकलेत पस्तीस वर्षं काढली, पण दोन देशांचे हात एकाच कापडाखाली असे भांडताना मी तेव्हाच पाहिले. हसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

शेवटही बदलला. व्यापारी झोपला, गाढव त्याला विकायला निघालं, तशी म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "नोको विकू रे. म्हातारा हाय तो." चाचांनी ते पडद्यामागे पोचवलं. आतून काही वेळ नुसती खुसफुस ऐकू आली. मग नंदी झोपलेल्या व्यापाऱ्याजवळ गेला आणि हळूच त्याच्या शेजारी बसला. बसताना बिजागरी वाजली. खेळ तिथेच संपला.

पाहुणे निघाले तेव्हा बडनेऱ्याच्या फलाटावर त्यांनी नंदी परत करायला पेटी उघडली. ह्यांनी झाकण लावून दिलं. मुलाला आम्ही फोन केला होता. तो म्हणाला, "जाऊ दे आई. मला इथे ओढायला जागा कुठे आहे." बदल्यात पाहुण्यांनी दाढीवाला व्यापारी त्याच्यासाठी ठेवला, घरी गेल्यावर दुसरा करीन म्हणाले. तो आता मुलाच्या ऑफिसातल्या टेबलावर आहे, आणि तिथले लोक त्याला मुलाचे आजोबा समजतात.

काही महिन्यांनी एक व्हिडिओ आला. त्यांच्या गावचा चौक, तुतीची झाडं, जमलेली मुलं. गाढवाला त्यांनी नवं फेल्ट चढवलं होतं, पण वशिंड तसंच होतं आणि शिंगं चक्क पुन्हा निळी रंगवून मोकळी सोडली होती. खेळाच्या मध्येच रुमाल बांधलेली एक बाई पुढे आली, तिने पिठात बोट बुडवून गाढवाच्या कपाळावर टिळा लावला आणि जागेवर गेली. मग दुसरी आली. तिथला तो आता रिवाजच झाला असावा. मी व्हिडिओ ह्यांना दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला.

"एकटाच हाय तो," ते म्हणाले. "बैल एकटा ठेवतात का कुठी? जोडी पायजे."

आणि ते खरंच सुताराकडे जाऊन तसाच दुसरा नंदी करवून घेऊन आले. आता पाठवायचा कसा, हा प्रश्न होता. तर आमच्याच कॉलनीतल्या एका मुलीला डॉक्टर व्हायला त्याच देशात प्रवेश मिळाला होता. हल्ली आमच्याकडची बरीच मुलं तिकडे जातात. आम्ही नंदी घेऊन तिच्या घरी गेलो. तिची आई वजनकाट्यावर बॅग ठेवून बसली होती. तूरडाळ, मेतकूट, लोणचं, कुकर. तिने बॅगेकडे बघितलं, नंदीकडे बघितलं, आणि थंडपणे म्हणाली, "हा बसत नाही."

"लोणचं काढा," हे म्हणाले.

"लोणचं कसं काढू? सहा महिने काय खाईल ती?"

"तिथी खरबुजं भेटतात चांगली."

मुलगी मात्र खुशीत होती. पहिल्याच दिवशी परदेशात कोणाकडे तरी जायचं कारण मिळालं, म्हणाली. तिने आईच्या हातून बरणी काढून घेतली आणि नंदीला स्वेटरमध्ये गुंडाळून कुकरशेजारी झोपवलं. काटा जेमतेम जमला. आई घुश्शातच होती, पण बॅगेची चेन लावण्याआधी तिने आत हात घालून शिंगांभोवती एक पंचा नीट गुंडाळला.

बैल गेला. कैरीच्या लोणच्याची ती बरणी तिच्या आईने रागाने आम्हालाच देऊन टाकली, आणि लोणचं चांगलं मुरलं आहे.